लेबल तळहाताकडे

१

"शेवटी सोडलं हो तिने त्याला," मावशी म्हणाली आणि चहाचा रिकामा कप न चाचपडता बशीत ठेवला.

भाची टेबलावरची थेंबांची बाटली घेत होती. मावशीला गेली अडतीस वर्षं दिसत नव्हतं, पण डोळे कोरडे पडून चुरचुरत, म्हणून रोज सकाळी अकराच्या ठोक्याला थेंब. त्याचा एक ठरलेला प्रकार होता. भाचीने लेबल मोठ्याने वाचायचं. बाटली उचलताना एकदा, थेंब घालण्याआधी एकदा आणि बाटली परत जागेवर ठेवताना एकदा. तिसऱ्या वाचनावरून दोघींचं रोज वाजायचं. थेंब डोळ्यांत गेल्यावर लेबल वाचून काय दिवे लावायचे, असं भाचीचं म्हणणं. "तरी वाचायचं," एवढंच मावशीचं उत्तर.

"कोणी कोणाला सोडलं?" भाचीने विचारलं.

"अगं, 'शिडं शिवणारी'तल्या त्या बाईने. बोटमालकाला."

'शिडं शिवणारी' ही कादंबरी त्या वर्षी जिच्यातिच्या हातात होती. दोर कुजलाय हे माहीत असून बोटमालक एका तरुणाला समुद्रावर धाडतो आणि तो परत येत नाही. त्याची बहीण शिडं शिवून पोट भरते आणि वीस वर्षं डूख धरून राहते. पुढे बोटमालक अंथरुणाला खिळतो आणि त्याच्या शुश्रूषेला नेमकी तीच येते. त्याला धाप लागली की औषधाचा एक चमचा द्यायचा. मिळाला तर जगेल, नाही तर नाही. भाचीने ती छापील वाचली होती. मावशीने ऐकली होती. अंधांसाठीच्या बोलक्या ग्रंथालयातून आठवड्याला चार प्रकरणं यायची आणि दर गुरुवारी श्रोत्यांच्या बैठकीत त्यांच्यावरून कडाक्याची भांडणं व्हायची.

"मावशी, सोडलं कुठे? तिने औषध दिलंच नाही. शेजारी बसून त्याचे श्वास मोजले. 'मग मोजायला काही उरलं नाही.' संपलं पुस्तक."

"काहीतरीच. तिने चमचा भरला आणि त्याला पाजला. मी कानांनी ऐकलंय."

"आणि मी डोळ्यांनी वाचलंय!"

भाचीने तणतणत पुस्तक आणलं आणि शेवटचं पान वाचून दाखवलं. मावशीचा हात बशीच्या काठावरून फिरत राहिला.

गेल्या गुरुवारी भर बैठकीत ती म्हणाली होती, "बरं केलं तिने." हे आपल्याच तोंडून निघालं याचं तिलाच नवल वाटलं होतं, कारण आदल्या गुरुवारी तिने जाहीर केलं होतं की या बाईने त्या मेल्याला सोडलं तर मी ऐकायचं यंत्र खिडकीबाहेर भिरकावीन. मावशीचाही एक बोटमालक होता. अडतीस वर्षं तिने त्याला सोडला नव्हता. तो शेवट ऐकल्यापासून मात्र चार दिवस तिला छातीवरचं ओझं थोडं सरकल्यासारखं वाटत होतं, आणि ते तिला आवडायला लागलं होतं.

"थेंब राहू देत," ती म्हणाली. "काठी दे माझी. कोणीतरी मला खोटं वाचून दाखवलंय."

२

बोलकं ग्रंथालय म्हणजे एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या चार खोल्या. मावशी भाचीबरोबर तिथे पोचली तेव्हा ग्रंथपालबाईंना सगळं आधीच कळलेलं होतं. आणखी दोन श्रोत्यांच्या घरी असंच भांडण झालं होतं आणि बातमी थेट लेखिकेपर्यंत गेली होती.

"लेखिकाबाई फोनवर काय काय बोलल्या, सांगवत नाही," ग्रंथपालबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात रडून झाल्याचा चिकटपणा होता. "म्हणाल्या, माझ्या बाईला तुम्ही शहाणी करून सोडलंत. शुक्रवारी विश्वस्तांची सभा आहे. कोणी केलं ते सांगा, नाही तर तुम्ही जा, असं सरळ म्हणालेत. आणि सगळ्यांना वाटतंय मीच केलं."

"तुम्हीच केलंत का?"

"मावशी!"

"विचारावं लागतं हो. दोन वर्षांपूर्वी त्या तुरुंगाच्या कादंबरीतल्या शिव्या तुम्हीच गाळल्या होत्यात ना? कैदी एकमेकांना 'अहो' म्हणत होते."

ग्रंथपालबाई ओशाळल्या. "तेव्हाच कानाला खडा लावला मी. शपथेवर सांगते."

अठरा वर्षं त्यांनी हे ग्रंथालय जीव लावून चालवलं होतं. मावशीला त्यांचा नीटनेटकेपणा कधीकधी डोक्यात जायचा, पण त्या गेल्या तर इथे पुन्हा कोणी पुस्तकाला हात लावणार नाही, हेही ती ओळखून होती.

"मला शोधू द्या," ती म्हणाली.

हे कोणाला जगावेगळं वाटलं नाही. मावशीने एकतीस वर्षं एका मोठ्या कचेरीच्या टेलिफोन बोर्डावर काढली होती. चारशे माणसांचे आवाज तिला पाठ होते आणि दहा वर्षांनी फोन करणाऱ्याला ती 'हॅलो'वरून नावानिशी ओळखायची. नुसत्या खोकल्यावरून तिने एकदा कचेरीतला चोर पकडून दिला होता.

पुस्तक कसं तयार होतं ते ग्रंथपालबाईंनी भाचीसाठी पुन्हा सांगितलं. वाचणाऱ्या बाईंचे डोळे अधू, म्हणून आधी सगळी कादंबरी ठळक, मोठ्या अक्षरांत टाइप होते. ती पानं कड्यांच्या फाइलीत लागतात. वाचणाऱ्या बाई त्यातून वाचतात आणि आवाज मुद्रित होतो. फाइल कपाटात असते आणि कपाटाला कुलूप नसतं. हात लागतो तो चौघांचाच. स्वतः ग्रंथपालबाई, वाचणाऱ्या बाई, ध्वनिमुद्रण करणारे गृहस्थ आणि टाइप करणारे काका.

"आणि ती फाइल?"

ग्रंथपालबाईंनी फाइल उघडून भाचीच्या पुढ्यात ठेवली. भाचीने शेवटचं पान काढलं, वाचलं आणि मावशीचा दंड धरला.

"मावशी, इथे बरोबर आहे. शब्दन् शब्द छापील पुस्तकातला. औषधबिवध काही दिलेलं नाही तिने!"

३

वाचणाऱ्या बाईंना सगळे राणीसाहेब म्हणत. रंगभूमीवर चाळीस वर्षं त्यांनी राण्याच केल्या होत्या आणि निवृत्त झाल्यावरही मुकुट पुरता उतरला नव्हता. ध्वनिमुद्रण करणाऱ्या पोट सुटलेल्या गृहस्थांना त्या बटणराव म्हणत, आणि तेही ते नाव चालवून घेत.

"मी मनाचं घालून वाचलं असं म्हणायचंय का तुम्हाला?" राणीसाहेब कडाडल्या. "मी? आणि त्या मेल्याला औषध पाजेन? मी तर उशी दाबली असती! पुढ्यात आलं ते वाचलं. वाचताना मलाच मिळमिळीत वाटलं."

"मग बोलला का नाहीत?"

"लेखिकेचं नाव मोठं आहे. म्हटलं, आपल्याला कळत नसेल."

मावशीने बटणरावांना शेवटचं प्रकरण लावायला सांगितलं. बंद खोलीत राणीसाहेबांचा आवाज घुमू लागला. कुजक्या दोराच्या आठवणीपाशी त्यांनी असा काही दम घेतला होता की भाचीच्या अंगावर काटा आला. मावशी मात्र गोष्ट ऐकतच नव्हती. तिने कान टवकारले होते ते गोष्टीच्या मागच्या आवाजांकडे.

"थांबवा. मागे घ्या. परत लावा."

तीनदा ऐकल्यावर तिने खुर्चीला पाठ टेकली.

"पंख्याची घरघर कुठे तुटत नाही. म्हणजे नंतर कापून जोडलेलं नाही, सलग वाचलेलं आहे. आता पानं ऐका. कड्यांतलं पान उलटलं की टिक-टिक होतं, दोन्ही कड्यांचं. प्रत्येक पानाला होतंय. शेवटच्या पानाला नाही. ते नुसतं सरकवलंय. त्या पानाला भोकंच नव्हती. ते सुटं होतं."

"असेल," राणीसाहेब म्हणाल्या. "मी कागद बघत नाही, भूमिका बघते."

"म्हणजे खरं पान काढून कोणीतरी हे सुटं ठेवलं, वाचून झाल्यावर उचललं आणि खरं परत लावलं." मावशी बटणरावांकडे वळली. "वाचन चाललं होतं तेव्हा तुम्ही यंत्रापाशीच होतात?"

"जागचा हललो नाही," बटणराव छातीठोकपणे म्हणाले.

"हलला नसालच. चौथ्या मिनिटापासून घोरताय तुम्ही. बारीक आहे, पण आहे."

राणीसाहेब खदखदा हसल्या. बटणरावांना कुठे तोंड लपवावं कळेना.

"ओशाळू नका," मावशी म्हणाली. "उलट सुटलात. एवढं कारस्थान केलेला माणूस ऐन वेळी झोपत नाही."

दोघं गळले. उरले दोघं, आणि त्यातल्या एकाने मावशीसमोर आजवर तोंड उघडलं नव्हतं.

४

टाइप करणारे काका आठ वर्षांपूर्वी आले. साठीतले, पैसे न घेता काम करणारे. मावशीने या आठ वर्षांत त्यांच्या तोंडून हुं की चूं ऐकलं नव्हतं. गुरुवारी ते मागच्या बाकावर येऊन बसत, बैठक संपली की खुर्च्या लावत आणि जात. मुके असावेत असं तिने मनाशी धरलं होतं. कोणाला विचारलं मात्र नव्हतं, कारण तिच्या डोळ्यांविषयी कोणी विचारलेलं तिलाही खपत नसे.

बुधवारी ती भाचीबरोबर त्यांच्या खोलीत गेली. की-बोर्डचा आवाज बंद झाला.

"काका, टेबलावर एकदा टकटक केलंत तर हो, दोनदा केलंत तर नाही. चालेल?"

एक टकटक झाली.

"कादंबरी सगळी तुम्हीच टाइप केलीत? शेवटचं पानही? जसं छापलंय तसं?"

प्रत्येक प्रश्नाला एकेक टकटक, ठाम.

"ते दुसरं, सुटं पान कोणी ठेवलं, ठाऊक आहे तुम्हाला?"

भाचीने नंतर सांगितलं की काकांचा हात टेबलावर नुसता तरंगत होता. मग एक टकटक आली, अगदी हलकी.

"कोणी?" भाचीच्या तोंडून निसटलं. त्याला टकटकीत उत्तर नव्हतं. भाची कागद पुढे करणार तेवढ्यात दार उघडलं आणि ग्रंथपालबाई आत आल्या.

"मी राजीनामा लिहिलाय," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी हाकलून घेण्यापेक्षा हे बरं."

काकांची खुर्ची कर्रकन सरकली आणि पावलं घाईने जिन्याकडे गेली.

"बघ," रस्त्यात भाची म्हणाली, "त्यांना ठाऊक आहे आणि ते कोणाला तरी पाठीशी घालतायत. ग्रंथपालबाईंनाच. दुसरं कोण असणार?"

"त्यांच्या टेबलावर काय असतं?"

"पेनं, शिक्के, भोकं पाडायचं यंत्र..."

"तेच. त्या बाईच्या हाताखालून बिनभोकाचा कागद कधी गेलाय? लग्नपत्रिकेलासुद्धा भोकं पाडून फाइलीला लावतात. त्यांनी पान बदललं असतं तर ते पहिलं पंच केलं असतं. ज्याने ठेवलं, त्याला त्यांच्यादेखत ते यंत्र वापरता येत नव्हतं."

घरी येऊन मावशीने खोटं पान पुन्हा लावलं. या वेळी तिने मागचे आवाज सोडले आणि शब्द ऐकले.

'बाटली उचलताना तिने लेबल वाचलं. ओतण्याआधी पुन्हा वाचलं. मग लेबल तळहाताकडे करून तिने औषध चमच्यात ओतलं, आणि बाटली जागेवर ठेवताना तिसऱ्यांदा वाचलं. तोंड उघडा, ती म्हणाली. मी वाचलंय.'

भाची हातातली उशी खाली ठेवत म्हणाली, "अगंबाई. हे तर आपलंच आहे."

मावशीने यंत्र बंद केलं. तीनदा लेबल वाचणारं घर तिच्या ओळखीत एकच होतं. आणि छापील शेवट ठाऊक असलेली, मावशीच्या छातीवरचं ओझं ठाऊक असलेली, ते उतरावं म्हणून काहीही करेल अशी जगात एकच व्यक्ती होती. ती आत्ता समोर बसली होती.

"तू लिहिलंस हे?" मावशीने विचारलं.

५

भाची आधी हसली, मग चिडली आणि मग रडवेली झाली. "मी लिहिलं असतं तर तुझ्याशी भांडून पुस्तक वाचून दाखवलं असतं का?"

हे पटण्यासारखं होतं. शिवाय त्या पानातला एक शब्द त्यांच्या घरातला नव्हता.

"लेबल तळहाताकडे," मावशी पुटपुटली. "हे काय आहे? आपण कधी असं करतो?"

"मला काय माहीत? मी बाटली कशीही धरते."

गुरुवारी सकाळी दोघी कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात गेल्या. दुकानदार म्हातारा आणि बोलका होता. प्रश्न ऐकून तो खूश झाला.

"तुम्हाला कोणी सांगितलं हे? अहो, ओतताना ओघळ येतो ना, तो लेबलवर आला की अक्षरं पुसतात. म्हणून लेबल नेहमी तळहाताकडे. आणि तीनदा वाचायचं, घेताना, ओतताना, ठेवताना. आम्हाला पहिल्या वर्षी हातावर छडी मारून शिकवायचे. आता सगळं पाकिटात येतं, ओततो कोण! ज्याने जुन्या दवाखान्यात कंपाउंडरकी केलीय, त्याच्याच हाताला ती सवय."

मावशीने काउंटरची कड घट्ट धरली.

अडतीस वर्षांपूर्वी ती एका कचेरीत नकाशे काढत होती. केसाएवढी बारीक रेघ न थरथरता ओढणारी म्हणून तिचा लौकिक होता. डोळे आले म्हणून दवाखान्यात गेली. कंपाउंडर तरुण होता, घाईत होता. "डोकं मागे. हलू नका. काही होत नाही," असं म्हणून त्याने एका दमात दोन्ही डोळ्यांत थेंब टाकले. बाटली चामखीळ जाळायच्या औषधाची होती. नंतर चौकशी झाली तेव्हा मोठे डॉक्टर म्हणाले, निदान परत ठेवताना लेबल वाचलं असतंस तर लगेच पाण्याने डोळे धुता आले असते, एक तरी डोळा वाचला असता. तू कितीदा वाचलंस? तो म्हणाला, "एकदाही नाही." त्याची नोकरी गेली आणि तो गाव सोडून गेला. मावशीजवळ त्याचा चेहरा धूसर उरला, पण आवाज लख्ख राहिला.

घरी आल्यावर तिने राणीसाहेबांना फोन लावला.

"आपल्यापैकी कोणी पूर्वी दवाखान्यात होतं का हो?"

"मला काय ठाऊक? हां, टाइपवाल्या काकांना औषधांची बरीच माहिती दिसते. परवा जिन्यात माझ्या गुडघ्यांवर पाऊण तास बोलत होते."

"कोण बोलत होतं?"

"काका हो. आवाज किती छान आहे, मी म्हटलंसुद्धा, वाचायला या. नको म्हणाले."

"मला वाटायचं, ते मुके आहेत."

"मुके?" राणीसाहेबांना हसू आवरेना. "अहो, तोंडाचा पट्टा चालू झाला की थांबत नाही! तुम्ही आलात की तेवढे मूग गिळून बसतात. आम्हाला वाटायचं, तुमचा वचक."

मावशीने रिसीव्हर ठेवला. आवाज न विसरणाऱ्या एका बाईसमोर एक माणूस आठ वर्षं गप्प बसला होता.

६

शुक्रवारी विश्वस्तांची सभा बाराला होती. मावशी साडेदहाला भाचीबरोबर पोचली आणि तिने काकांना ध्वनिमुद्रणाच्या खोलीत बोलावून घेतलं. त्या खोलीतला आवाज बाहेर जात नाही.

आदल्या दुपारपासून ती एक भाषण मनाशी घोळवत होती. खरं तर ते अडतीस वर्षांपासूनच तयार होतं, फक्त ऐकणारे विश्वस्त नवे होते. या माणसाने माझे डोळे घेतले, आणि आता ग्रंथालयाचं नाव घालवलं. एवढं एक वाक्य पुरलं असतं. या खोल्या, तो मागचा बाक, जिन्यातल्या गप्पा, सगळं त्याच्या हातून गेलं असतं. शिडं शिवणारी बाई श्वास मोजत का बसली, ते मावशीला आतून कळत होतं, आणि तिला त्या बाईची कीवही येत होती.

"काका," ती म्हणाली, "आता टकटक नको."

मग तो आवाज आला. जाड झाला होता, कडेला चिरला होता, पण तोच होता.

"इथे आलो तेव्हा तुम्ही इथे येता हे ठाऊक नव्हतं. पहिल्या गुरुवारी तुम्ही बोललात आणि कळलं. निघून जायला हवं होतं. जाववलं नाही."

दारापाशी उभ्या भाचीच्या हातून पिशवी पडली. तिला आत्ता उलगडा झाला.

"ते पान का लिहिलंत?"

"तुम्ही म्हणाला होतात, तिने सोडलं तर यंत्र बाहेर फेकीन. मला ऐकायचं होतं, सोडलेलं तुम्हाला सोसतं का. तुम्ही 'बरं केलं' म्हणालात, तेव्हा मी जिन्यात जाऊन बसलो."

"मग थेट मलाच का नाही विचारलंत?"

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

"म्हणालेच असते!" मावशीचा आवाज पहिल्यांदा चढला. "नाही म्हणायचा हक्क माझा होता. तुम्ही माझ्याकडून माफी काढून घेतलीत, मला न कळू देता. चार दिवस किती बरं वाटत होतं मला! आणि तेही तुम्हीच टाइप केलेलं निघालं. दुसऱ्यांदा माझ्या डोळ्यांत काहीतरी घातलंत आणि म्हणालात, काही होत नाही."

काका रडत होते. आवाज न करता रडत होते, पण मावशीपासून तो आवाज लपणार नव्हता. तिला वाटलं होतं हा आवाज ऐकून आपल्याला बरं वाटेल. थोडं वाटलंही, पण ते फार टिकलं नाही.

"बारा वाजता तुम्ही सभेत जायचं," ती शांतपणे म्हणाली. "पान मी बदललं, ग्रंथपालबाईंचा संबंध नाही, हे स्वतःच्या तोंडाने सांगायचं. खरं पान राणीसाहेब आता वाचतील. त्याआधी तुमच्या आवाजात दोन वाक्यं, की आधीचा शेवट खोटा होता आणि तो मी लिहिला. सगळ्यांनी ऐकलं पाहिजे."

"आणि दवाखान्याचं?"

"ते आपल्या दोघांतलं. ते मी सभेत नेणार नाही."

"म्हणजे तुम्ही मला..."

"ते वाक्य तुम्ही पुरं करायचं नाही. ती बाई लेखिकेची आहे, तिने काय करायचं ते लेखिका ठरवेल. माझं मी ठरवेन. कदाचित कधीच ठरणार नाही."

बाहेर भिंतीवरचं घड्याळ अकराचे ठोके देऊ लागलं. सवयीने भाचीने पडलेली पिशवी उचलून बाटली काढली, आणि मग काय करावं ते न सुचून तशीच उभी राहिली. मावशीने हात पुढे केला, बाटली घेतली आणि आवाजाच्या दिशेने धरली.

"वाचा."

काकांनी बाटली घेतली. "डोळ्यांचे थेंब," ते वाचू लागले. नाव, मात्रा, तारीख, सगळं वाचलं.

"परत."

त्यांनी परत वाचलं. या वेळी तारखेपाशी आवाज फाटला.

मावशीने बाटली त्यांच्या हातून काढून घेतली आणि भाचीकडे दिली. "तू घाल," ती म्हणाली आणि डोकं मागे टेकवलं.

"तीनदा वाचू ना?" भाचीने विचारलं.

"दोनदा झालंय. घाल."

थेंब पडले, थंडगार. मावशीने डोळे मिटून घेतले, मग बाटली पुन्हा हातात घेतली आणि पुन्हा काकांपुढे धरली.

"टेबलावर ठेवा."

काका बाटली घेऊन टेबलापर्यंत गेले. पावलं तिथे थांबली. काच लाकडावर टेकल्याचा आवाज मात्र आला नाही.

"काय राहिलं?" मावशीने विचारलं.

मग अडतीस वर्षांपूर्वी राहून गेलेलं ते वाचन काकांनी सुरू केलं.

"डोळ्यांचे थेंब," ते म्हणाले.